उसनं तोंड

सीमोसने खाऱ्या माशांनी माखलेले हात कमरेच्या फडक्याला पुसले, एक पंजा बाजारातल्या दगडी हर्मेसच्या डोक्यावर ठेवला आणि शेजाऱ्यांकडे बघून डोळा मारला.

“आज दिवेलागणीला देव माझ्या तोंडून बोलणार. बोला, कोण लावतंय पैज?”

“आधी त्याच्या डोक्यावरचा हात काढ,” कोथोन कुंभार चाकावरून मान वर न करता म्हणाला. “बिचाऱ्याला आठवडाभर बांगड्याचा वास येईल.”

“येऊ दे की. बाजाराचा देव आहे, अत्तराचा नाही.”

कोरिदोस न्हावी गिऱ्हाईकाची अर्धी दाढी तशीच सोडून पुढे आला. कोरिदोस म्हणजे चंडोल. हे नाव बापाने का ठेवलं, ते त्याने तोंड उघडलं की कळायचं. फाराय गावात नावं अशीच पडायची. दहाव्या दिवशी बाप चार पाहुण्यांसमोर पोर उचलायचा, आणि जे दिसेल ते, सुचेल ते, नाहीतर ज्या देवाला नवस केला त्याचं नाव पोराला लावायचा. सीमोसच्या बापाला नाक दिसलं, किंवा दिसलंच नाही, म्हणून हा सीमोस, नकट्या. कोथोनच्या बापाच्या हातात त्या घटकेला दारूचा मोठा पेला होता. पोराला पेल्याचंच नाव पडलं. पण नाव पडलं की माणूस झाला. त्याआधी नुसता जीव. तो घरात ठेवायचा की नाही, हे बापाने ठरवायचं.

देवांचंही थोडंफार असंच. हर्मेस एकच, पण दाराशी उभा केला की दाराचा, बाजारात बाजाराचा. दुकानदार त्याला नफ्याचा म्हणत, चोर त्याला फसवा म्हणत आणि तेही मनापासून हात जोडत. ज्याचं जे अडलं, त्या नावाने त्याने हाक मारावी. फारायचा हा हर्मेस मात्र बोलणारा. संध्याकाळी यायचं, धूप घालायचा, दिवा लावायचा, त्याच्या दगडी कानात आपला प्रश्न कुजबुजायचा. मग दोन्ही कान हातांनी गच्च झाकून बाजाराबाहेर पडायचं. बाजाराची हद्द ओलांडली की हात काढायचे. जे पहिले शब्द कानावर पडतील, मग ते कुणाचेही असोत, ते देवाचं उत्तर.

“म्हणजे जो रस्त्यात बरळत असेल तो देव,” सीमोस म्हणाला. “मी म्हणतो, आज मीच बरळतो.”

“नकट्या, मी विहिरीचं विचारलं होतं तेव्हा काय ऐकू आलं, ठाऊक आहे ना?” कोथोनने चाक थांबवलं. “‘अजून खाली, अजून खाली.’ खणलं अजून खाली. पाणी लागलं.”

“अरे, तो माझा चुलता होता! बायकोकडून पाठ खाजवून घेत होता!”

“असेल. पाणी लागलं की नाही?”

न्हावी खो खो हसला. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही हसलं. सीमोसला मात्र चेव चढला. पन्नाशीला आला होता, पण कुणी हसलं की त्याच्या अंगात वारं शिरायचं.

“ठरलं तर. आज जो कुणी विचारायला येईल, तो नदीच्या रस्त्याने बाहेर पडला की त्याच्या कानात पहिले शब्द माझे. आणि असे शब्द, की शहाणा माणूस ते देवाचे समजणारच नाही. तरी तो समजेल. समजला तर मी जिंकलो.”

“शब्द कुठले?”

सीमोसने टोपलीतला एक बांगडा शेपटीला धरून वर उचलला. “‘वास मारतोय. टाक उकिरड्यावर.’ चालेल?”

“चालेल. आणि हरलास तर?”

“तू सांग.”

कोथोनने विचार केला. हात चिखलात होते, म्हणून कपाळ मनगटाने पुसलं. “उलटं बसायचं. तुझ्याच गाढवावर, शेपटीकडे तोंड करून. डोक्यावर माझं फुटकं मडकं. बाजाराला तीन फेऱ्या, आणि दर कोपऱ्यावर ओरडायचं, ‘हर्मेस माझ्या तोंडून बोलत नाही!’ मी हरलो तर मी बसेन, आणि मी ओरडेन, ‘हर्मेस सीमोसच्या तोंडून बोलतो!’”

“निकाल मी देणार,” न्हावी म्हणाला.

तिघांनी हर्मेसच्या खांद्यावर हात ठेवून शपथ घेतली. पैजा, शर्यती, हार, जीत, हे सगळं त्याच्याच खात्यात.

संध्याकाळी सीमोस आणि कोथोन हद्दीपलीकडे, धोब्याच्या पडक्या भिंतीआड दबा धरून बसले. न्हावी कोपऱ्यावर दिवा विझेल तसा पुन्हा लावत होता, म्हणजे लांबून बघत होता. बऱ्याच वेळाने एक माणूस आला. डोक्यावरून घोंगडी ओढलेली. धूप घातला, कानाशी वाकला. वाकूनच राहिला. एवढं काय सांगायचं असतं देवाला, असं कोथोन पुटपुटला. मग तो माणूस कान दाबून झपाझप चालत आला. हद्दीच्या दगडाशी थांबला. हात काढले. घोंगडी मागे सरकली तेव्हा कळलं, हा तर थ्रासोन, टोपल्या विणणारा. थ्रासोन म्हणजे धाडसी. गावात त्याच्याइतका भित्रा माणूस नव्हता. वाटेत कोंबडी आडवी आली तरी तिला आधी जाऊ द्यायचा.

“वास मारतोय!” सीमोस भिंतीआडून ओरडला. “टाक उकिरड्यावर!”

थ्रासोन जागच्या जागी उभा राहिला. कोथोनने हसू दाबायला तोंडात अंगरखा कोंबला होता. सीमोस वाट बघत होता, की आता हा वैतागेल, शिवी देईल, ‘कोण रे तिकडे’ म्हणेल. थ्रासोनने तसं काही केलं नाही. मान खाली घातली.

“ऐकलं,” तो म्हणाला. अगदी हळू, समोर कुणी मोठं माणूस उभं असावं तसा. आणि गेला.

“जिंकलास, मेल्या,” कोथोनने अंगरखा तोंडातून काढला. “कुठलं गाढव विचारत होतं रे, मासे खायचे का म्हणून?”

सीमोसही हसला. हसत हसत घरी आला. दारातच त्याला वाटलं की हसणं मागेच कुठेतरी संपलंय, आपण उगीच दात दाखवतोय.

गोर्गो, त्याची बायको, चुलीपुढे बसली होती. मसुराचं भांडं उतरवून ठेवलं होतं आणि ती ते नुसतं बघत होती. नाव गोर्गो, राक्षसिणीचं. तिने डोळे वटारले की सीमोस घरात सरळ वागायचा. आज डोळे वटारलेले नव्हते.

“मिर्टोकडे गेले होते,” ती म्हणाली. “बाळंत झाली. मुलगी.”

“थ्रासोनची मिर्टो? मुलगी झाली की दाराला लोकर लावतात, ती कुठाय मग? मी आलो तिकडून. दार कोरंच होतं.”

“लोकर लावायची की नाही तेच ठरत नव्हतं. पोरीचा डावा पाय आत वळलाय. थ्रासोनचा भाऊ म्हणाला, हिला कोण करून घेणार, आत्ताच बाहेर नेऊन सोडा. मिर्टो ओरडली, रडली. शेवटी थ्रासोन म्हणाला, मी हर्मेसला विचारतो. ठेवू का नको, एवढंच विचारतो. मिर्टोला बरं वाटलं बघ. म्हणाली, देव काही वाईट बोलायचा नाही.”

सीमोस उंबऱ्यावर बसला.

“आत्ता आला परत,” गोर्गो म्हणाली. “काय ऐकलं ते सांगितलं त्याने. मिर्टोने भिंतीकडे तोंड केलं. अजून वळलेली नाही.” मग तिने नवऱ्याकडे नीट बघितलं. “काय झालं रे?”

त्याने सांगितलं. सांगताना त्याला प्रथमच कळलं की ही गोष्ट सांगायला किती छोटी आहे. गोर्गोने मसुराच्या भांड्यावर झाकण ठेवलं. मग झाकण पुन्हा काढलं आणि पुन्हा ठेवलं. त्या रात्री दोघं जेवली नाहीत.

सकाळी उजाडताच तो थ्रासोनच्या दारात उभा होता. अंगणात थ्रासोन बसून टोपली विणत होता. नदीकाठच्या कोवळ्या विलोच्या फोका भिजत घातलेल्या, एकेक उचलून दाताने टोक सोलत होता. टोपली खोल होती. कड दुहेरी वळवलेली. आत मेंढीचं कातडं अंथरून बघत होता, मापाला बसतंय का.

“ये सीमोस,” तो म्हणाला. “बस. उद्या सकाळी न्यायची आहे. म्हटलं, वारा लागू नये अशी तरी विणावी. आणि कुणाला सापडलीच, तर कामाला येईल.”

सीमोसला बसता आलं नाही. “थ्रासोन, ते मी बोललो होतो. काल. माशाबद्दल. पैज लावली होती आम्ही.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“तुझा आवाज मी ओळखत नाही? रोज सकाळी आख्खी आळी जागी करतोस, ‘बांगडे घ्या, बांगडे!’”

“मग?”

“मग काय?” थ्रासोनने एक फोक ओढून घट्ट केली. “देवाला तोंड कुठाय? दगडाचं आहे. बोलायचं तर त्याला दुसऱ्याचं उसनं घ्यावं लागतं. काल तुझं घेतलं.”

“अरे, मी थट्टा करत होतो!”

“तू करत होतास. तो नव्हता करत.”

आतून काहीच आवाज नव्हता. बाळाचाही नाही. सीमोस दोन पावलं पुढे गेला. दाराच्या अंधारात मिर्टो पाठमोरी पडलेली दिसली. कोपऱ्यात, तिच्यापासून हातभर लांब, एक गाठोडं होतं. नाव पडेपर्यंत फार जवळ घेऊ नकोस, असं तिला कुणीतरी शहाण्याने सांगितलं असणार.

“पुन्हा विचार,” सीमोस म्हणाला. “आज संध्याकाळी जा, पुन्हा विचार.”

“एकदा उत्तर मिळालं की पुन्हा विचारायचं म्हणजे देवाला खोटं पाडायचं.” थ्रासोनचे हात थांबले नाहीत. “मी तर ‘ठेव’ ऐकायलाच गेलो होतो, सीमोस. कुणीही काहीही बोललं असतं ना, ‘ये’, ‘बस’, ‘बरं आहे’, मी त्याचं ‘ठेव’ केलं असतं. पण तू जे बोललास त्याचं मला दुसरं काही करताच येईना. रात्रभर बघितलं करून.”

“सीमोसभावजी,” आतून मिर्टोचा आवाज आला. ती वळली नव्हती. “मासा खरंच वास मारत होता का?”

“नाही वहिनी,” तो म्हणाला. “ताजा होता.”

तो अंगणात उभा राहिला. पळून जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हते. जन्मभर त्याने लोकांना फसवलं होतं, पण नेहमी लोक शेवटी हसले होते. बुटात बेडूक घातला तरी बुटाचा मालक शेवटी हसायचा. इथे हसणं कुठून आणायचं? आणि मग फसवणुकीच्या त्या जुन्या सवयीनेच त्याच्या डोक्यात काहीतरी हललं.

“पैजेचा निकाल अजून लागलेला नाही,” तो म्हणाला.

“काय?”

“पैज कशावर होती? देव माझ्या तोंडून बोलतो की नाही, यावर. तिघांनी हर्मेसच्या खांद्यावर हात ठेवलेत. निकाल त्याच्या नावाने लागणार. मी जिंकलो तर काल तो बोलला. आणि मी हरलो, तर तो बोललाच नाही. मग तुझ्या प्रश्नाला अजून उत्तरच मिळालेलं नाही. न मिळालेलं उत्तर मागायला जाण्यात कसलं पाप?”

थ्रासोनने पहिल्यांदा फोक खाली ठेवली. सीमोसच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग बघायचं सोडलं, जणू आणखी बघितलं तर काहीतरी दिसेल आणि ते त्याला दिसायला नको होतं.

“आणि हरलास का तू?” त्याने विचारलं.

“संध्याकाळी बाजारात ये.”

कोथोन चाकाशी बसलाच नव्हता. गोर्गोने पाण्यावर गेलेल्या बायकांना सांगितलं होतं आणि बायकांनी आपापल्या नवऱ्यांना. तो दुकानाच्या पायरीवर डोकं धरून होता. सीमोस आला तसा म्हणाला, “त्यांनी पोर टाकलं तर त्यात माझाही हात, नकट्या. मी तोंडात अंगरखा कोंबून हसत होतो.”

“तू जिंकलास.”

“काय?”

“पैज. तू जिंकलास. मी हरलो. फुटकं मडकं काढ.”

“अरे, मी डोळ्यांनी बघितलं, त्याने तुझं बोलणं...”

“कोथोन.” सीमोसने हात जोडले. मस्करीत तो दिवसातून दहा वेळा हात जोडायचा. हे तसलं नव्हतं. “जिंक रे. एवढं कर. जिंक.”

कोथोनला समजायला थोडा वेळ लागला. मग तो उठला आणि भट्टीमागच्या ढिगातून मडकी चाचपायला लागला. न्हाव्याला फार सांगावं लागलं नाही. त्याला एवढंच सांगितलं, की आज संध्याकाळी सीमोसची गाढवावरून धिंड निघणार, पण कुणाला बोलू नकोस.

गोर्गोला समजावणं मात्र जड गेलं.

“म्हणजे तू सगळं गाव बाजारात धरून ठेवणार. रस्ता रिकामा. आणि मी धोब्याच्या भिंतीआड.”

“फक्त दोन शब्द. ‘उचल तिला.’ किंवा ‘घरी ने.’ तुला सुचेल ते.”

“आणि ते देवाचे.”

“थ्रासोनच म्हणतो ना, देव कुणाचंही तोंड घेतो.”

“घेतो.” गोर्गोने पदर खोचला, सोडला, परत खोचला. “काल तू त्याच्या तोंडात शब्द कोंबलेस. आज मी कोंबायचे. त्याने अजून तुझं काही केलं नाही म्हणून तुला वाटतं, तो झोपलाय?”

“मला काहीच वाटत नाही,” सीमोस म्हणाला. “मला ती टोपली दिसते.”

ती गेली.

सूर्य डोंगराआड गेला तेव्हा बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. हर्मेसच्या आसपास देवांचे जे चौकोनी दगड उभे होते, त्यांच्यावरसुद्धा माणसं चढून बसली होती. न्हाव्याने हात वर करून पैज काय होती ते सांगितलं, अर्धं खरं आणि अर्धं त्याला आवडलं तसं, आणि शेवटी ओरडला, “निकाल! सीमोस हरला!”

टाळ्या, शिट्ट्या. सीमोस गाढवावर उलटा बसला. कोथोनने त्याच्या डोक्यावर मडकं घातलं आणि दोरी धरली. “तुझी बायको कुठाय?” गर्दीतून एकजण ओरडला. “नवऱ्याची वरात बघायला नाही आली?”

“तिला हे तोंड रोज फुकट दिसतं!” सीमोस ओरडला, आणि लोक हसले. पहिला कोपरा आला. त्याने छाती भरून घेतली. “हर्मेस माझ्या तोंडून बोलत नाही!”

“मग कुठून बोलतो?” कुणीतरी विचारलं.

“गाढवाच्या! पण तेही आज माझ्यावर रुसलंय!”

उलटं बसल्यामुळे त्याला मागचं सगळं दिसत होतं. थ्रासोन गर्दीच्या कडेला आला होता. डोक्यावर घोंगडी नव्हती. दुसऱ्या फेरीला तो हर्मेसजवळ पोचला. धूप घातला. दिवा लावताना ज्योत दोनदा विझली. मग तो दगडाच्या कानाशी वाकला. आज फार वेळ लागला नाही.

“दूध उतू जाईल माझं, चला गं,” एक बाई म्हणाली, आणि तिच्यामागे दोघीतिघी नदीच्या रस्त्याकडे वळल्या.

सीमोसने गाढवावरून स्वतःला सोडून दिलं. मडकं फुटलं, गुडघा फुटला. बाया किंचाळून परत फिरल्या. तो धुळीत हातपाय झाडत ओरडला, “अगं आई गं, मेलो! हरलेल्या माणसाला गाढवसुद्धा टाकतं!” सगळा बाजार पोट धरून हसला. त्या हसण्यातून थ्रासोन कान दाबून बाहेर पडला. कुणाचंही लक्ष नव्हतं. कोथोनने सीमोसला उठवून पुन्हा बसवलं. मडकं गेलं म्हणून एक टोपली त्याच्या डोक्यावर ठेवली. सीमोसने ती हाताने दूर केली.

“टोपली नको,” तो म्हणाला.

तिसरी फेरी. त्याने सगळं ओतलं. चुलत्याची पाठ, बुटातला बेडूक, झऱ्यावरच्या देवाच्या माशांना खारवायचा त्याचा जुना बेत, जे आठवलं ते. दर कोपऱ्यावर ती आरोळी. हसणाऱ्या डोक्यांवरून त्याची नजर हद्दीच्या दगडाशी खिळलेली. थ्रासोनची पाठ हद्दीशी थांबली. हात खाली आले. पाठ तशीच उभी. एवढ्या लांबून काही ऐकू येत नव्हतं. मग ती पाठ वाकली, जणू कुणी मागून गुडघ्यात मारलं.

थ्रासोन पळत आला. भित्रा थ्रासोन, कोंबडीला वाट देणारा, माणसांना धक्के देत आला, आणि हर्मेसच्या पुढच्या चूलवजा दगडावर चढला.

“माझ्या मुलीचं नाव देक्सो!” तो ओरडला. आवाज फाटला. “देक्सो! आत घेतलेली! सगळ्यांनी ऐकलं ना? देक्सो, थ्रासोनची मुलगी!”

हसणं थांबलं. नाव पडलं होतं. आता ती जीव नव्हती, माणूस होती. तिला कुणी कुठे नेऊ शकत नव्हतं.

“अरे, दहावा दिवस तरी येऊ दे!” न्हावी म्हणाला.

“तोपर्यंत कोण थांबतंय?”

“पण ऐकलंस काय?”

“‘आत घे गं, दव पडायला लागलं.’” थ्रासोन रडत होता आणि हसतही होता. “एवढंच. ‘आत घे.’”

एका म्हातारीने कमरेची पिशवी चाचपली, पांढऱ्या लोकरीचा पुंजका काढला आणि थ्रासोनच्या हातात दिला. दाराला लाव, म्हणाली. माणसं त्याच्या पाठीवर थापा मारत होती. कुणीतरी दगडी हर्मेसला हात जोडून म्हणालं, आत घेणाऱ्या देवा. आणि दुसऱ्याने लगेच तसंच म्हटलं, जणू हे नाव कायमच होतं.

सीमोस गाढवावर बसून होता. छातीतलं मोठं ओझं उतरलं होतं आणि त्या जागी दुसरं काहीतरी हळूच येऊन बसत होतं. शाबास गोर्गो, तो मनात म्हणाला. ‘दव पडायला लागलं.’ हिला सुचलं कसं? त्याला हसू यायला लागलं.

तेवढ्यात ती आली. गर्दीच्या बाहेरून, भिंतीला धरून. चेहरा पिठासारखा पांढरा. गाढवाजवळ येऊन तिने त्याचा फुटका गुडघा बघितला, पण त्याबद्दल बोलली नाही.

“छान बोललीस,” तो वाकून म्हणाला.

गोर्गोने मान हलवली.

“काय नाही?”

“नाही बोलले.” तिचा आवाज अगदी बारीक होता. “तो आला, हात काढले. मी तोंड उघडलं. आणि जीभच हलेना. तो इतका जवळ होता, सीमोस. डोळे मिटून उभा होता. माझ्याने नाही झालं.”

“मग कोण बोललं?”

“कळलं नाही. नदीकडून आलं. कुणीतरी अंजीर वाळत घातले असतील, ते आत घ्यायला सांगत असेल. बाई होती की पुरुष, तेही सांगता येणार नाही.”

“पण सगळं गाव इथं आहे.”

“तेच बघतेय,” गोर्गो म्हणाली.

सीमोसने बाजारभर नजर फिरवली. ही आळी, ती आळी, म्हातारे, बाया, नदीकाठचे झाडून सगळे. मग त्याने दगडाकडे बघितलं. दाढीवाला चौकोनी दगड, दिव्याच्या उजेडात, काल होता तसाच. त्याच्या डोक्यावर बांगड्याचा तेलकट पंजा अजून दिसत होता.

“उतर आता,” कोथोनने दोरी ढिली केली. “तीन झाल्या. फिटलं सगळं.”

सीमोस उतरला नाही. गुडघ्यातून पोटरीवर रक्त ओघळत होतं, ते त्याने पुसलंही नाही.

“ओढ,” तो म्हणाला.

“अरे, पैजेच्या तीनच...”

“ओढ रे, दादा.”

कोथोनने त्याच्याकडे बघितलं आणि गाढव ओढलं. लोक थ्रासोनच्या मागे नदीच्या रस्त्याने चालले होते, लोकरीची चर्चा करत, दारूची चर्चा करत. गाढवाकडे कुणी बघत नव्हतं. पहिल्या कोपऱ्यावर सीमोसने तोंड उघडलं. या खेपेला ओरडला नाही. शेपटीकडे तोंड करून, मागे मागे जाणाऱ्या त्या दगडाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला,

“हर्मेस माझ्या तोंडून बोलत नाही.”